सगळ्यात हळू तो पुढे!

मित्रांनो, आज सुरुवातीलाच एक गणित. अलिबाग ते रेवदंडा हे अंतर सुमारे १८ किलोमीटर. सायकल अगदी रमतगमत, म्हणजे तासाला १२ किलोमीटर वेगानं चालवली, तर जाऊन-येऊन किती वेळ लागेल?

‘तीन तास!’ शाबास. पुस्तकातलं उत्तर अगदी बरोबर आहे. पण आम्ही गेलो तेव्हा सकाळी साडेसातला निघालो आणि परत आलो संध्याकाळी सहाला. म्हणजे साडेदहा तास! मधले साडेसात तास गेले कुठं? सायकली मोडल्या नाहीत, रस्ता चुकला नाही, कुणी पडलंबिडलंही नाही. तरी गेले. ते कुठं गेले, तेच आज तुम्हांला सांगणार आहे. आणि आमच्या घरातल्या एका वेगवान माणसाला आपल्या वेगाचं काय करायचं ते त्या दिवशी कसं उमगलं, तेही सांगणार आहे.

आधी मंडळींची ओळख करून देते. मी, मुलांचे बाबा, थोरला (इयत्ता नववी, उंची बाबांपेक्षा दोन बोटं जास्त), धाकटी (इयत्ता चौथी, बडबड सगळ्यांपेक्षा जास्त) आणि माझे आई-वडील, म्हणजे मुलांचे आजी-आजोबा. नाताळच्या सुट्टीत आम्ही चार दिवस अलिबागला गेलो होतो. आजोबांचं आजोळ चौलचं. लहानपणी सुट्टी लागली की ते मामांकडं यायचे, आणि तासावर भाड्यानं सायकल घेऊन याच रस्त्यानं हिंडायचे. त्याला आता साठ वर्षं होत आली. पहिल्या दिवशी ओहोटी साधून आम्ही कुलाब्याचा किल्ला बघितला. रात्री जेवताना आजोबा अगदी सहज, ताकाचा पेला खाली ठेवत म्हणाले, “उद्या सायकलनं रेवदंड्याला जाऊ या का?”

आजीनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. “गुडघ्यांना विचारलंत का?”

आजोबा सत्तर वर्षांचे आहेत. रोज सकाळी तासभर चालतात, पण सायकलीवर बसल्याला बरीच वर्षं झाली होती. ते म्हणाले, “गुडघ्यांना कशाला विचारायचं? ते नाहीच म्हणणार.” सगळे हसले. आजीनं शेवटी तोडगा काढला. “तुम्ही व्हा पुढं. मी डबा घेऊन एस.टी.नं येते रेवदंड्याला. भूक लागल्यावर तरी माझी आठवण येईल!”

सकाळी आम्ही पाच सायकली भाड्यानं घेतल्या. मुलांनो, भाड्याची सायकल कशी घ्यायची ते ऐकून ठेवा. आधी दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून हवा बघायची. मग दोन्ही ब्रेक आवळून सायकल पुढं ढकलायची, ती हलता कामा नये. घंटी वाजते का ते बघायचं. आणि सीटवर बसून पॅडल अगदी खाली नेलं की गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. सीट खाली असली तर गुडघे लवकर दुखतात. आजोबांची सीट बाबांनी दोनदा वरखाली केली. सगळं जमलं, फक्त त्यांच्या सायकलीचं उजवं पॅडल फिरताना ‘कुई’ करायचं. दुकानदारानं तेल सोडलं, तरी ‘कुई’ गेलीच नाही. ही ‘कुई’ लक्षात ठेवा हं, पुढं ती कामाला येणार आहे!

निघताना आजोबांनी नियम सांगितला, “एकामागं एक, रस्त्याच्या डाव्या कडेनं. आणि सगळ्यात हळू चालवणारा असेल तो पुढं!”

“म्हणजे तुम्ही?” धाकटीनं विचारलं.

“म्हणजे मी. माझ्या मागं तू, मग आई, मग बाबा.”

“आणि मी?” थोरला म्हणाला.

“तू सगळ्यात मागं. मागचा माणूस सगळ्यांवर नजर ठेवतो. ते जास्त कठीण काम आहे.”

थोरल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं आदल्या रात्रीच घड्याळात हिशेब मांडला होता, ‘जाताना एक तास, फार तर सव्वा तास.’ आता हा हिशेब ‘कुई-कुई’ करणाऱ्या पॅडलच्या मागं राहून कसा जमायचा? अलिबाग सोडून खाडीवरच्या पुलापर्यंत त्यानं दम धरला. पुलावर मात्र त्याला राहवेना. “मी नागावला थांबतो!” असं ओरडून तो जो सुटला, तो वळणावर दिसेनासाच झाला. बाबा हाक मारणार होते. आजोबांनी हात वर केला. “जाऊ दे. रस्ता सरळ आहे, आणि थांबायचं ठिकाण त्यानं सांगितलंय. चालवू दे त्याला.”

आता त्या सकाळची एक गंमत सांगते. सायकली कशा आपोआप पळत होत्या! पाय नुसते ठेवले तरी चालत होतं. थोरल्याला वाटलं असेल, काय आपल्या पायांत जोर आलाय! पण जोर नुसता पायांचा नव्हता. भूगोलात तुम्ही मतलई वारे आणि खारे वारे शिकला आहात ना? रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते. म्हणून पहाटे आणि सकाळी जमिनीवरून समुद्राकडं गार वारा वाहतो, तो मतलई वारा. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा धावत येते. तो खारा वारा. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी लोक पहाटेच्या मतलई वाऱ्यावर समुद्रात जायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे. आम्ही दक्षिणेकडं निघालो होतो आणि वारा मागच्या अंगानं हळूच ढकलत होता. ढकलणारा दिसत नाही, म्हणून त्याचं श्रेय आपण आपल्याच पायांना देऊन टाकतो, नाही का?

पूल ओलांडला की अक्षी गाव. सुक्या मासळीचा वास नाकात शिरला. खाडीच्या चिखलात पांढरे बगळे एका पायावर उभे होते आणि वर कुरव पक्षी ओरडत फिरत होते. हे कुरव फक्त हिवाळ्यापुरते आपल्याकडं पाहुणे येतात. आजोबांनी पॅडल थांबवलं आणि म्हणाले, “इथं एक दगड बघायचाय.”

“दगड?” धाकटी म्हणाली. “दगड तर आमच्या शाळेत पण आहेत!”

पण हा दगड साधा नव्हता. त्याच्यावर वरती चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत आणि खाली अक्षरं आहेत. ही अक्षरं देवनागरी, आणि भाषा संस्कृत शब्द मिसळलेली जुनी मराठी. राजाच्या प्रधानानं देवीसाठी धान्याचं दान ठरवून दिलं, त्याची ही नोंद आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्यावरचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा वाचला. काही अभ्यासक तो त्यानंतरचा मानतात. पण मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते, हे नक्की. आणि चंद्र-सूर्य कशासाठी? तर ते आकाशात आहेत तोवर हे दान चालू राहावं म्हणून!

धाकटी दगडासमोर उकिडवी बसली. तिनं बोटानं हवेतल्या हवेत अक्षरं गिरवली. बराच वेळ काहीच लागेना. मग एकदम ओरडली, “आई, हा ‘र’ आहे बघ! आपलाच ‘र’!” तो ‘र’ होता की दुसरं काही, ते मी सांगू शकत नाही बुवा. पण शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीनं कोरलेल्या दगडात चौथीतल्या मुलीला ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं, एवढं खरं.

नागावला थोरला एका चहाच्या टपरीजवळ बसला होता. सायकल झाडाला टेकवलेली, चेहरा कंटाळलेला. चाळीस मिनिटं बसला होता बिचारा.

“कसं आहे रे नागाव?” आजोबांनी विचारलं.

“कसं म्हणजे? रस्ता आहे.”

“आणि अक्षी?”

“अक्षी कुठं लागलं?”

झालं! धाकटीला तेवढंच हवं होतं. दगड, चंद्र, सूर्य, ‘र’, एका पायावरचे बगळे, सगळं तिनं एका दमात सांगितलं. थोरला ऐकत नसल्यासारखं करत ऐकत होता. तो काही बोलला नाही, पण नागावहून निघताना आपणहून सगळ्यात मागं जाऊन उभा राहिला.

मुलांनो, या किनारपट्टीला ‘अष्टागर’ म्हणतात. आगर म्हणजे नारळी-पोफळीच्या बागा. नागावपासून रस्ता असा काही वाड्यांमधून जातो की उन्हाचे नुसते ठिपके अंगावर पडतात. उंच, सरळ, शिडशिडीत पोफळी आणि त्यांच्या डोक्यावरून वाकून बघणारे माड. मोटारीतून हे सगळं म्हणजे एक हिरवी पट्टी. सायकलीवरून मात्र प्रत्येक घर वेगळं दिसतं. एका अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या, दुसऱ्या अंगणात आजीबाई नारळाच्या झावळीचे हीर काढून केरसुणी बांधत बसलेल्या. वाडीच्या पलीकडं शेतं. भात कापून झालेलं, आणि त्या जागी पांढऱ्या कांद्याची कोवळी हिरवी पात. हाच तो अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो निघतो आणि मग त्याच्या वेण्या रस्त्याच्या कडेला टांगलेल्या दिसतात.

वाटेत धाकटीच्या सायकलीची चेन पडली. थोरला मागंच होता. तो उतरला, एका काडीनं चेन दातऱ्यावर चढवली आणि काळे झालेले हात गवताला पुसले. धाकटीनं त्याला खिशातली लिमलेटची गोळी दिली. आमच्याकडं असा व्यवहार फार क्वचित होतो, म्हणून इथं नोंदवून ठेवते!

चौलला आजोबांचा वेग आणखी कमी झाला. दमल्यामुळं नव्हे बरं का, आठवणींमुळं. “इथं मामांची वाडी होती. इथं रहाट होता. बैल गोल फिरायचा, रहाटाची गाडगी विहिरीतून भरून वर यायची आणि पन्हळीत ओतायची. पाटातून पाणी पोफळींना. त्या रहाटाचा आवाज, अरे, अगदी या माझ्या पॅडलसारखा!” आता तिथं विजेचा पंप आहे. वाडीचे मालकही बदललेत. पण आजोबांनी ओळख सांगितल्यावर त्या काकूंनी आम्हांला आत बोलावलं, ओसरीवर बसवलं आणि कोकमाचं सरबत दिलं. पैशाचं नाव काढल्यावर त्या रागावल्या. “आजोळी आलेल्या माणसाकडून पैसे घेतात होय?” आजोबा त्या विहिरीत बराच वेळ डोकावून बघत उभे होते. आम्ही त्यांना घाई केली नाही.

चौल आज लहान गाव दिसतं, पण ते फार जुनं बंदर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशांच्या माहितीपुस्तकातही त्याचा उल्लेख येतो. आणि पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला एक घोडा बरोबर घेऊन इथंच उतरला. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली, निकितिन त्याच्याही आधीचा! त्यानं आपल्या प्रवासाची टिपणं लिहून ठेवली. तो लिहितो की, मी जाईन तिथं लोक माझ्यामागून येतात आणि गोऱ्या माणसाकडं नवलानं बघतात. चौलहून जुन्नरला पोचायला त्याला तीन आठवड्यांहून जास्त दिवस लागले. आज मोटारीनं दिवसभरातही पुष्कळ वेळ उरेल.

“तीन आठवडे!” थोरला म्हणाला. “करत काय होता तो?”

“बघत होता,” आजोबा म्हणाले. “म्हणून तर लिहिता आलं.”

रामेश्वराच्या देवळासमोर मोठी पुष्करणी आहे. तिच्या पायऱ्यांवर बसून आम्ही पाय पाण्याजवळ सोडले. या देवळात तीन कुंडं आहेत, पर्जन्यकुंड, अग्निकुंड आणि वायुकुंड. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची प्रथा होती, असं सांगतात. धाकटीनं लगेच विचारलं, “आणि वायुकुंड उघडलं की वारा सुटतो?” हाही प्रश्न लक्षात ठेवा!

साडेबाराला आम्ही रेवदंड्यात शिरलो, तेही थेट किल्ल्याच्या तटातून. हो, रस्ताच तटाच्या आतून जातो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधलेल्या या किल्ल्यात आता नारळाच्या वाड्या आहेत, घरं आहेत, दोरीवर कपडे वाळत आहेत. १७४० मध्ये तो मराठ्यांकडं आला. आत एक उंच बुरूज आहे, त्याला सातखणी म्हणतात, पण आता त्याचे चारच मजले उभे आहेत. किनाऱ्यावरून समोर, कुंडलिका खाडीच्या पलीकडं, कोर्लईचा किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक वेगळीच बोली अजून घराघरांत बोलतात. आणि रेवदंड्यातच बेने इस्राएल लोकांचं १८४२ सालचं प्रार्थनामंदिर आहे. हे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी धर्माप्रमाणं काम बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. निकितिनचं स्मारकही याच गावात आहे. बघा, केवढ्याशा गावात केवढी माणसं येऊन गेली!

आजी एस.टी.नं पाऊण तासात येऊन, गावातलं देऊळ बघून, डबा उघडून तयारच होती. दशम्या, लसणाची चटणी, बटाट्याची भाजी आणि गुळाचा खडा. असं जेवण घरी रोज केलं तर तुम्ही नाक मुरडाल. तिथं मात्र डब्याला पुसून घेतलं! जेवण झाल्यावर आजोबा माडाच्या सावलीत आडवे झाले. उठताना त्यांनी गुडघा धरला. आजीनं ते बघितलं, मीही बघितलं.

“माझ्याबरोबर एस.टी.नं चला,” आजी म्हणाली. “सायकल टेम्पोत टाकू.”

आजोबा म्हणाले, “बघू.” मित्रांनो, मोठी माणसं ‘बघू’ म्हणतात तेव्हा त्यात ‘हो’ असतं की ‘नाही’, हे ओळखणं फार अवघड असतं. त्यांनी सायकलीच्या सीटवर हात ठेवला होता. मला वाटलं, त्यांना परत जायचंय ते सायकलीवरूनच. आणि हेही वाटलं की ही बहुतेक शेवटची वेळ, हे त्यांना माहीत आहे. मी काही बोलले नाही. आजी एस.टी.त बसली आणि खिडकीतून हात हलवत गेली.

साडेतीनला आम्ही निघालो. सूर्य सहाच्या सुमारास मावळणार होता, आणि भाड्याच्या सायकलींना दिवे नव्हते. चौलच्या वाड्या संपेपर्यंत सगळं ठीक होतं. मोकळी शेतं लागली, आणि समोरून वारा आला. सकाळचा मतलई वारा केव्हाच परत फिरला होता. आता वायव्येकडून खारा वारा सुटला होता, आणि आम्हांला जायचं होतं नेमकं त्याच्या तोंडात!

“वायुकुंड उघडलं वाटतं कुणीतरी!” धाकटी ओरडली.

नियमाप्रमाणं आजोबा पुढं होते. वारा सगळ्यात आधी त्यांच्याच छातीवर. मुलांनो, वाऱ्याचा अडथळा फार लबाड असतो. अंगावर येणाऱ्या वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर अडथळा दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होतो. आजोबांची सायकल चालणाऱ्या माणसाइतकी हळू झाली. ‘कुई’ आणि ‘कुई’ यांच्यामधलं अंतर वाढत गेलं. शेवटी ते एका मोरीच्या कठड्याशी उतरले आणि बसले. कपाळावर घाम. बाबांनी त्यांना पाणी दिलं. रस्त्यावरून मिनीडोर रिक्षा जात-येत होत्या. बाबा हळूच म्हणाले, “एखादी थांबवू का?”

आजोबा काहीच बोलले नाहीत. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिले.

तेवढ्यात थोरला मागून पुढं आला. त्यानं शेतातलं गवत कुठल्या बाजूला वाकतंय ते बघितलं. मग म्हणाला, “आजोबा, नियम बदलू या. मी पुढं राहतो. तुम्ही माझ्या मागं या.”

“का रे? नियम नियम असतो.”

“पण नियम कशासाठी होता? कुणी मागं सुटू नये म्हणून ना? आता तुम्ही पुढं राहिलात, तर वाऱ्यानं तुम्हीच मागं सुटाल. शर्यतीत तसंच करतात. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्याला कमी लागतो. एकाच संघाचे लोक आळीपाळीनं पुढं राहतात.”

आजोबांनी त्याच्याकडं बघितलं. “आणि तू पुढं जाऊन दिसेनासा झालास तर?”

थोरला जरा लाजला. मग हसून म्हणाला, “तुमचं पॅडल वाजतं ना! ते ऐकत चालवीन. ऐकू आलं नाही की हळू करीन.”

आणि त्यानं खरंच तसं केलं. सकाळी वाऱ्यासारखा सुटलेला मुलगा आता मान किंचित मागं वळवून, कान देऊन सायकल चालवत होता. समोरून वारा असला की मागचा आवाज लांबून ऐकू येत नाही. ‘कुई’ ऐकू येतेय, याचा अर्थ आजोबा जवळच आहेत. आवाज पुसट झाला की तो पाय थांबवायचा, पुन्हा आला की मारायला लागायचा. त्याच्या रुंद पाठीमागं आजोबा, त्यांच्या मागं धाकटी, मग मी, आणि शेवटी बाबा. मधे एकेका सायकलीएवढी जागा ठेवली होती, कारण पुढच्यानं अचानक ब्रेक दाबला तर आदळायला नको. दर पंधरा मिनिटांनी थांबून पाणी आणि गुळाचा खडा. नागावच्या वाड्यांत वारा थोडा अडला, तिथं आजोबांनी शीळसुद्धा घातली. अक्षीशी थोरला एकदम थांबला.

“काय झालं?” मी विचारलं.

“तो दगड कुठं आहे? दोन मिनिटं बघतो.”

सूर्य खाली चालला होता, तरी आम्ही थांबलो. धाकटीनं त्याला आपला ‘र’ दाखवला. त्याला तो ‘र’ वाटला नाही. त्यावरून दोघांचं भांडण झालं. म्हणजे सगळं अगदी नेहमीसारखं होतं, काळजीचं कारण नव्हतं!

पुलावर वारा सगळ्यात जास्त होता. तिथं आजोबा उतरले, आणि थोरलाही उतरला. दोघं सायकली हातात धरून चालत गेले. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही. पूल संपल्यावर दोघंही पुन्हा सीटवर बसले. सहाला, अंधार पडायच्या आत, आम्ही सायकली परत केल्या. दुकानदारानं विचारलं, “पॅडलचा त्रास झाला का हो?” आजोबा म्हणाले, “छे! उलट त्याचाच आधार झाला.”

आता सुरुवातीच्या गणिताकडं या. ते साडेसात तास कुठं गेले? थोडे एका दगडापाशी, थोडे एका विहिरीपाशी, थोडे पुष्करणीच्या पायरीवर, थोडे डब्यात, आणि बरेचसे एका माणसाच्या वेगानं पाच माणसांनी जाण्यात. तुम्ही म्हणाल, म्हणजे वेग वाईट का? मुळीच नाही! थोरल्याच्या पायांत जोर नसता, तर चौल-नागावमधल्या वाऱ्यात आम्ही काय केलं असतं? जोर हवाच. फक्त तो कधी मागं राहून वापरायचा आणि कधी पुढं होऊन, हे त्या त्या वेळी बघावं लागतं.

येत्या सुट्टीत तुम्हीही असा एक रस्ता निवडा. त्यासाठी कोकणच हवं असं नाही. सांगली-मिरज असो, वाई-मेणवली असो, नाहीतर तुमच्या गावापासून शेजारचं गाव. आई-बाबांनो, तुम्हांला सांगते, अंतर कमीच ठरवा, शंभर वाहनं धावणारा हमरस्ता टाळा, आणि मुलांना हेल्मेट घाला. पाणी, पंपाची सोय, पंक्चरवाल्याचं ठिकाण आधी बघून ठेवा. आजी-आजोबांना विचारा, त्यांना येता आलं नाही तरी वाटेत कुठं थांबायचं ते त्यांना माहीत असतं.

आणि मुलांनो, निघण्याआधी मूठभर कोरडी माती हवेत उडवून वारा कुठून येतोय ते बघून घ्या. जाताना तो पाठीशी असेल, तर येताना कुणाला पुढं ठेवायचं ते तिथंच ठरवता येईल!